द्राक्ष आमचे, मग आंबवण्याचा हक्क कोणाचा?



बेल्जियममध्ये ब्रुसेल्स शहरात १९०० साली सुरू झालेली कांतियों नावाची बिअरभट्टी आहे. तिथली वाइनच्या द्राक्षांवर आंबवलेली एक बिअर मी चाखली. नाव ‘विन्यरॉन’, म्हणजे द्राक्षबागाईतदारीण! पिकवणारीचे नाव बाटलीवर. आपल्याकडे ते फक्त सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत झळकते.

चव म्हणाल तर पहिल्या घोटालाच दात आंबतात. मग मस्कत द्राक्षाचा वास येतो, शेवटी लाकडी पिंपाचा तुरटपणा. गोडी जवळजवळ नाहीच. साखर सूक्ष्म जीवांनी खाल्लेली असते. कृती साधी आहे. दोन भाग जवाचे माल्ट, एक भाग मोड न आणलेला गहू. त्याचा उकळलेला रस थंडीच्या रात्री उथळ तांब्याच्या हौदात उघडा ठेवायचा. विकतचे यीस्ट नाही; हवेतले आणि पिंपातलेच काम करते. पिंपात मुरल्यावर द्राक्षे घालायची, की पुन्हा आंबते. ज्वारीची आंबील लावणाऱ्या मायबहिणींना यात नवे काय आहे?

नवे आहे ते स्वातंत्र्य. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा सांगतो, परवान्याशिवाय आंबवाल तर गुन्हेगार. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, पण ती कारखान्याच्या दारात थांबली. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनरींनी माल उचलला नाही, तेव्हा नाशिक भागात वाइनच्या बागांवर कुऱ्हाड शेतकऱ्यानेच चालवली. ज्याला एकच गिऱ्हाईक, त्याला भाव कसला?

कोणी म्हणेल, तडकलेला माल पिंपात ओता. तसे नाही. कुजका मणी आंबवायलाही चालत नाही. पण केवळ मण्याचा आकार वा रंग पाहून नाकारलेला निरोगी माल का चालू नये? थॉमसनला मस्कतचा वास येणार नाही, हे खरे. मग कोणती जात लावायची, हे बागाईतदाराला ठरवू द्या.

मायबहिणी विचारतील, आणखी दारू कशाला? प्रश्न रास्त आहे. दारूने घरे बसली ती त्यांनी पाहिली आहेत. म्हणूनच गावातले दुकान आडव्या बाटलीने बंद करण्याचा त्यांचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे. पण मळीच्या देशी दारूवर तिजोरी भरणाऱ्या सरकारने द्राक्षवाल्याला नीतीचे धडे देऊ नयेत.

आम्हाला अनुदान नको. मागणी एवढीच :

१. बागाईतदारांच्या गटाला स्वतःची द्राक्षे आंबवण्याचा परवाना, झेपेल अशा फीमध्ये.

२. द्राक्ष आणि धान्य एकत्र आंबवलेल्या पेयाला वाइनइतकाच कर.

३. बाटलीवर गावाचे आणि पिकवणाऱ्याचे नाव.

पिकवायचे आम्ही आणि आंबवायचे दुसऱ्याने, हा करार आम्ही कधी केलाच नव्हता.