चाकांवरच्या घराची शिशिरनिद्रा

ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत वा कॅनडांत स्थायिक झालीं आहेत, अशा वाचकांनीं तेथील चाकांवरचें घर पाहिलें असेल. बिछाने, चूल, मोरी, शौचकूप, सर्व कांहीं एका गाडींत! उन्हाळ्यांत कुटुंब तींतून सरोवरें व अरण्यें हिंडतें. मिनेसोटासारख्या प्रांतांत मात्र हिवाळ्याचे पांच-सहा महिने ती निजून असते. निजण्यापूर्वीं तिचे कोणते संस्कार करावे, हा आजचा विषय.

तिचा खरा शत्रु छपरावरचें हिम नव्हे, तर पोटांत राहिलेलें पाणी होय. बहुतेक द्रव गोठतांना आकसतात. पाणी सुमारें 9 टक्के फुगतें. नळींत उरलेलें ओंजळभर पाणीहि ती फोडतें, आणि हें कळतें केव्हां? वसंतांत पहिला नळ सोडल्यावर भिंतीआडून ओघळ येतो तेव्हां! यास्तव टाक्या, नळ्या व पाणी तापविण्याचें भांडें (तें निवल्यावरच) पूर्ण रिकामें करावें. मग तें भांडें वगळून नळ्यांतून न गोठणारा द्रव पंपानें खेळवावा. थोडा मोरीच्या वांकांतहि ओतावा.

येथें डब्यावरील नांव नीट वाचावें. या कामीं पिण्याच्या नळांसाठीं बनविलेला प्रॉपिलीन ग्लायकॉलचाच द्रव घ्यावा. मोटारीच्या इंजिनांत बहुधा घालतात तें एथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि चवीस गोड असल्यानें अधिकच घातक. नुसत्या रंगावर विसंबूं नये. ज्या नळाचें पाणी पुढें नातू पिणार, तेथें चार पैसे वांचविण्याची बुद्धि नको. वसंतांत स्वच्छ पाण्यानें नळ्या भरपूर धुवाव्या, हेंहि ओघानेंच आलें.

शिशाची बॅटरी पूर्ण भारलेली असल्यास कडाक्याच्या थंडींतहि सहसा गोठत नाहीं. उतरलेली मात्र शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठते. कारण तींतील आम्ल तोंवर पाण्यासारखें पातळ झालेलें असतें. ग्यासची तोटी बंद करावी. उंदरांसाठीं भोंकांत पोलादी तारेचा चोथा कोंबावा. अन्नाचा कण आंत ठेवूं नये.

आपल्याकडे मृगापूर्वीं ताडपत्री घालण्याची संवय. म्हणून आपलीं माणसें तेथेंहि मेणकापडच पसरतात. त्याखालीं दमट हवा कोंडते व बुरशी धरते. हवा खेळेल असें कापड घालावें. शीतकपाटाचें दारहि किलकिलें ठेवावें. मध्यें एक घडी केलेलें फडकें पुरे.