लोकर मातीमोल, मटण तेजीत. दख्खनी मेंढीचं पुढं काय?

माण, खटाव, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात मेंढी म्हटलं की पहिली डोळ्यांसमोर येते ती काळी, काटक दख्खनी. पुस्तकात या जातीला 'दुहेरी उपयोगाची' म्हणतात, म्हणजे मटण आणि लोकर दोन्हीसाठी. प्रत्यक्षात मात्र वाड्याचा हिशोब आता नुसत्या कोकरांवर चालतो. लोकरीचा भार मेंढपाळाच्या खिशावरच पडू लागलाय.

लोकर का पडली?

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. दोन्ही वेळची मिळून ती किलोभरही भरत नाही. शिवाय ती जाड आणि राठ असते. स्वेटरसाठी लागणारी मेरिनोची लोकर तिच्या निम्म्याहूनही बारीक असते. त्यामुळे गिरणीवाल्यांना आपली लोकर चालत नाही. ती चालते घोंगडी आणि जेन यांना. सणगर समाजाचे कारागीर हातमागावर घोंगडी विणतात, तिला चिंचोक्याची खळ देतात. पण स्वस्तातली गिरणीची ब्लँकेटं गावोगाव पोचली, घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं आणि माग बंद पडत गेले.

कातरणी मात्र थांबवता येत नाही. लोकर तशीच ठेवली तर अंगात गोचीड, पिसवा आणि कुसळं साठतात, कातडी खराब होते. म्हणजे मजुरी द्यायचीच. लोकर विकून ती निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर कित्येकदा बांधावर पडून राहते. हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. ब्रिटनमध्येही अलीकडच्या काळात अनेक शेतकऱ्यांना लोकरीच्या पैशातून कातरणीचा खर्च भागवता आलेला नाही.

माडग्याळची ओढ

मग पैसा कशात? वजनात. म्हणून मेंढपाळांचा ओढा जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीकडं वळला. उंच, बाकदार नाकाची, अंगावर लोकर जवळजवळ नसलेली ही मेंढी वजनाला भारी. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी झाल्याची बातमी देशभर गाजली. तसले सौदे हौसेचे, त्यावर वाडा चालत नाही. पण दख्खनी कळपात माडग्याळ नर सोडायचा, हे चित्र आता गावोगाव दिसतं.

यात चूक काही नाही. पोटाला पैसा लागतो. प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक वाड्यात बाहेरचाच नर सुटत राहिला, तर काही पिढ्यांनी शुद्ध दख्खनी नर शोधायला कुठं जायचं?

दुसरा उपयोग लोकर नव्हे, चाल

दख्खनीचं खरं बळ तिच्या चालण्यात आहे. दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणाकडं निघतात आणि पावसाआधी माघारी येतात. वाटेत मिळेल तो पाला, कापणीनंतरचं धसकट, बांधावरचं गवत, एवढ्यावर ती जगते आणि वाटेतच वितेसुद्धा. चारा विकत घेऊन सांभाळायची वेळ आली, तर कोकराच्या वजनातला नफा चाऱ्यातच जातो.

आणि जिथं वाडा बसतो तिथं लेंडीखत पडतं. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा रोख देतो. रासायनिक खताचा खर्च वाढला तशी ही कमाई महत्त्वाची झाली. मटणाच्या जोडीचा दुसरा पाय आज लोकरीचा नाही, लेंडीखताचा आहे. आणि तो चालणाऱ्या मेंढीवरच उभा आहे.

मेंढपाळानं काय पाहावं?

कोकरांची संख्या वाढवायचा रस्ता जात न मोडताही आहे. दख्खनी सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या सुंदरबन भागातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. राहुरीच्या कृषी विद्यापीठातही दख्खनीवर काम चालतं. जुळी हवीत तर आईला दूध आणि खुराकही जास्त हवा, हे मात्र धरून चालावं.

राज्याच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. अर्ज करताना नर कोणत्या जातीचा, हे विचारून घ्यावं. फिरस्ता वाडा असेल तर दख्खनी, घरी बांधून खुराक देता येत असेल तर माडग्याळ, असा सरळ हिशोब करावा. संकर करायचाच असेल तर वाड्यातला एक चांगला दख्खनी नर आणि थोड्या मेंढ्या वेगळ्या राखाव्यात. चार-दोन वर्षांनी नर बाहेरच्या वाड्याशी अदलाबदल करावा, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास टळते.

लोकरीचा भाव उद्या परत येईल, या आशेवर कुणी वाडा चालवू नये. पण लोकर गेली म्हणून दख्खनीच निकामी, असंही समजू नये. दुष्काळात जी मेंढी चालत राहते, ती एकदा हातची गेली तर बाजारात विकत मिळत नाही.