अळी आधी डब्यात ठेवा, मग पंप उचला



हरभरा फुलावर आला की मोबाईलवर एकच खेळ सुरू होतो. एकजण अळीचा फोटो टाकतो, खाली पाच जण पाच औषधं सांगतात. कुणी दोन मिसळा म्हणतं, कुणी वरून टॉनिकही ढकला म्हणतं. मीटरभर ओळीत अळ्या किती, केवढ्या, धडधाकट आहेत का मरायला टेकल्यात, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. फोटोवर औषध सांगणं बंद करा. अळी घरी आणा, पाळा, आणि तिचं काय होतंय ते डोळ्यांनी बघा.

हसू नका. रेशीमवाले हजारो अळ्या पाळतात, तुतीचा पाला कापून खाऊ घालतात, त्याला आपण धंदा म्हणतो. मग दहा घाटे अळ्या आठ दिवस सांभाळायला लाज कसली?

रीत सोपी आहे. शेताच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून दहा-पंधरा लहान अळ्या उचला. एका डब्यात एकच ठेवा, कारण घाटे अळी असो की मक्यावरची लष्करी अळी, दोघीही आपल्याच जातीला खातात. तोंडाला पातळ फडकं बांधा, डबा सावलीत ठेवा. रोज न फवारलेला ताजा पाला घाला, लेंड्या झटका. हे काम पोरांना द्या, आवडीनं करतील.

आता निकाल वाचा.

अळी सुकली आणि शेजारी छोटासा कोष दिसला, तर ते काम कॅम्पोलेटिस या गांधीलमाशीसारख्या बारीक मित्रकीटकाचं. हरभऱ्याच्या आंबेमुळं ट्रायकोग्रामाचं तिथं फारसं चालत नाही, याचं मात्र चालतं. तो लहानपणीच अळीला गाठतो, म्हणजे घाटे फोडायच्या वयाची ती होतच नाही.

अळी वर चढून उलटी लटकली, कातडी फुटून पाणी गळालं, तर तो विषाणू. सोयाबीनवरची अळी कडक होऊन आधी पांढरी, मग हिरवट भुकटीनं माखली, तर ती बुरशी. अशा वेळी टाकीत बुरशीनाशक ढकललं की आपलाच राखणदार आपण मारला.

आणि सगळ्या अळ्या धष्टपुष्ट होऊन कोषात गेल्या, तर शेतात मित्र उरलेला नाही हे समजा. बहुतेकदा तो मागच्याच फवारणीनं गेलेला असतो.

"तोवर पीक जाईल त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. रास्त आहे. म्हणून मोजणी सोडू नका. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्यांच्या वर आकडा गेला तर डब्याची वाट बघत बसू नका, निंबोळी अर्क किंवा शिफारशीचं एकच औषध घ्या. पण आकडा खाली असताना धास्तीनं मारलेला पंप, आणि आठ दिवसांनी सवयीनं मारलेला दुसरा, हे दोन्ही डबा वाचवतो.

वाचतो तो फक्त पैसा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप घेणारा बहुतेकदा रोजंदारीचा माणूस असतो. नको असलेल्या फवारणीचं विष त्याच्या अंगात जातं, बिल आपल्या खात्यावर पडतं, नफा तिसऱ्याच्या गल्ल्यात.

कृषी सहायक आणि विद्यापीठाच्या साहेबांनाही विनंती. शेतीशाळेत पडद्यावर चित्रं दाखवता ते चांगलंच, पण प्रत्येक गावात दहा डबे मांडून जा. पुढच्या भेटीत त्या डब्यांवरच बोला.

दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. तो विकायलाच बसलाय. शेतात काय चाललंय हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर तो सांगेल तेच खरं.

या आठवड्यात डबे मांडा. आणि खाली फोटो टाकायचाच असेल, तर डब्याचा टाका, सातव्या दिवसाचा.