सगळेच गोरे इंग्रज नसतात हो!

आपल्याकडे लंडन काय, एडिंबरा काय नि कार्डिफ काय, सगळं 'इंग्लंड'च, आणि तिथला झाडून सगळा माणूस 'इंग्रज'! खरं तर हा डब्यात डबा आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड घातलं की युनायटेड किंग्डम. उरलेलं आयर्लंड १९२२ सालीच वेगळं झालं. त्यांचा स्वतःचाही गोंधळ कमी नाही म्हणा! फुटबॉलला चार संघ, ऑलिंपिकला एक. देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कोड 'जीबी', वेबसाइटच्या पत्त्यात मात्र 'यूके'.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला पाडायचा? अहो, बंगळूरच्या कानडी माणसाला 'मद्रासी' म्हटलं की त्याला जे वाटतं, तेच 'इंग्रज' म्हटल्यावर स्कॉटिश माणसाला वाटतं.

आणि प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा नाही. पेशवाई बुडवून इथला कारभार हाती घेणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफही स्कॉटिश. १७०७ साली इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले, त्यानंतरचं साम्राज्य दोघांचंच. 'इंग्रजांनी राज्य केलं' म्हटलं की बाकीचे भागीदार हिशोबातून अलगद सुटतात!

म्हणून माझं मत सरळ आहे. राज्याला 'ब्रिटिश' म्हणावं, माणसाला त्याच्या मुलुखाचं नाव द्यावं. उत्तर आयर्लंडचा भेटला तर त्यालाच विचारावं. १९९८ च्या करारानुसार तो स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेऊ शकतो.