वेरूळला गेलात तर आधी डोंगर बघा

पावसाळा सरला की सहली निघतात. देवगिरी, भद्रा मारुती, घृष्णेश्वर आणि वेरूळ, सगळं एका दिवसात उरकायचं ठरतं. मग कैलासाच्या, म्हणजे 16 क्रमांकाच्या लेण्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो आणि त्यातला बराचसा सेल्फीत जातो. माझी विनंती आहे, यादीतलं एखादं ठिकाण गाळा आणि कैलासाला दोन तास द्या. आत शिरल्या शिरल्या मूर्तींकडे धावू नका. आधी दगड बघा.

दगड लाव्ह्याचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर पुढचा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, तो दोन थरांमधल्या उसंतीतला. वेरूळच्या कातळाजवळ उभे राहा, हात न लावता. बारीक भोकं दिसतील. निवत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या या जागा. काहींत पुढे पांढरी खनिजं भरली. एखाद्या मूर्तीच्या अंगावर पांढरा ठिपका दिसला तर पोरांना हे सांगा. राजांच्या सनावळीपेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, या उतारात तीन बाजूंनी खंदक खोदून मधला कातळ सुटा केला आणि मंदिर वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, शेवटी जोतं. मागची कातळभिंत तीसेक मीटर उंच आहे. तिच्यावर टाकीचे घाव शोधा. घडवायचा होता तोही डोंगरच, शंकराचा कैलास. एके काळी या मंदिरावर पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष अजून आहेत. बर्फाच्या शिखराचा भास व्हावा म्हणून तो दिला असावा, असं मानतात. जोत्याला हत्तींची रांग आहे. सगळा भार त्यांच्याच पाठीवर असल्यासारखी.

आता दक्षिणेकडच्या बाजूला या आणि इथे घाई करू नका. रावण कैलास हलवतोय. तो खाली, पोकळीच्या अंधारात, अनेक हातांनी जोर लावतोय. काही हात तुटलेत, तरी ताण जाणवतो. वर पार्वतीने दचकून शंकराचा दंड धरलाय, दासी पळत सुटलीय, शंकर मात्र स्वस्थ बसलाय. शिल्पकाराने रावणाभोवतीचा दगड इतका खोल काढलाय की तो भिंतीवर चिकटलेला वाटतच नाही, डोंगराच्या पोटात शिरलेला वाटतो. मला तरी अख्ख्या वेरुळात याच्या तोडीचं दुसरं शिल्प दिसत नाही.

नावं कोरू नका, खडूनेही लिहू नका, मुलांना हत्तींवर बसवून फोटो काढू नका. लाव्ह्याचा दगड टणक खरा, पण हजारो हात फिरून कोरीव कडा झिजतातच.

लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपार कलल्यावर उजेड चांगला मिळतो. आणि मंगळवारी जाऊ नका. त्या दिवशी वेरूळ बंद असतं.