झाड कोसळले आमचे, खर्चही आमचाच?

मंडळींनो, जूनच्या तोंडाशी आपल्या रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज अशा जुन्या वस्त्यांतल्या घरोघरी एकच धास्ती असते. मागच्या अंगणातला कडुनिंब किंवा पिंपळ यंदाच्या वादळात टिकेल ना? ही झाडे आपल्या आजोबा-पणजोबांनी लावली. घरे राखली तशी आपण ती राखली. पण ती म्हातारी झाली की त्यांचा भार कोणी उचलायचा, हे ना नगर निगम सांगते, ना विमा कंपनी.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमचा निंब आतून पोखरलेला होता. तो काढू द्या म्हणून निगमात रीतसर अर्ज दिला होता. अर्जाचे उत्तर येण्याआधी वावटळ आली आणि झाड मागच्या खोलीच्या छतावर आडवे झाले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. घराचा विमा होता. छताच्या दुरुस्तीचे 1 लाख 80 हजार मंजूर झाले. पण गल्लीत क्रेन शिरेना, म्हणून झाड हातांनी तोडून बाहेर काढावे लागले. त्याचे 34 हजार झाले, आणि वर लाकूडही तोडणाऱ्यानेच नेले. यापोटी कंपनीने दिले 3,600 रुपये!

यात कंपनीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. नियमच तसा आहे. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळाने किंवा झाड पडून झालेले घराचे नुकसान भरून मिळते. कंपाउंडची भिंत आणि फाटकही त्यात धरतात. मात्र मलबा हटवण्याचा खर्च मिळतो तो दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंतच. घराला धक्का न लावता झाड नुसते अंगणात पडले, तर दावाच उभा राहत नाही. आणि धोका ओळखून आधीच झाड उतरवले, तर सगळा खर्च पदरचा. म्हणजे शहाणपणाने वागणाऱ्याला भुर्दंड आणि छत मोडेपर्यंत थांबणाऱ्याला भरपाई, असा हा उफराटा न्याय आहे.

बरे, झाड आधी उतरवावे म्हटले तर मध्य प्रदेशच्या 2001 च्या शहरी वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कायदा चांगला आहे, तो हवाच. त्याच्याविना कॉलन्या उभारणाऱ्यांनी एक झाड शिल्लक ठेवले नसते. पण परवानगी हातात ठेवणाऱ्याने उत्तर वेळेवर देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. अर्ज फायलीत पडून राहिला आणि झाड माणसावर पडले, तर दोष कुणाचा?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, जुन्या वस्त्यांतल्या मोठ्या झाडांची पाहणी निगमाने दर वर्षी मे संपण्याआधी करावी आणि धोकादायक झाडांचे अर्ज पावसाआधी निकाली काढावेत. दोन, अरुंद गल्ल्यांसाठी निगमाचे पथक ठरलेल्या दरात मिळावे. तीन, झाड हटवण्याच्या खर्चाला पॉलिसीत 2 टक्क्यांपेक्षा वेगळी मर्यादा असावी. चार, सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, पण घराच्या विम्यावर 18 टक्के तसाच राहिला. डोक्यावरचे छत ही काय चैन आहे?

तोवर आपण काय करावे? पॉलिसी नुसती कपाटात ठेवू नका, वाचा. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या भावावर नाही, त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा जड नसतो. घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर नामांतरण करून घ्या. झाडाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. धोका अगदी समोर दिसत असेल तर एसडीएमकडे जा. पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या कलम 133 मधला, पडू पाहणारे झाड हटवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. झाड पडलेच तर तोडण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. दावा नाहक नाकारला तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रारीला पैसा लागत नाही.

2022 च्या निगम निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे उमेदवार आपल्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेले. ते पुन्हा येतील. तेव्हा चहा जरूर द्या, पण आधी त्यांना मागच्या अंगणात नेऊन ते झाड दाखवा.