लसीचा मेसेज मोबाईलवर, बाळ वीटभट्टीवर! आठवण करून देणारी यंत्रणा वाड्यांपर्यंत पोहोचते कशी आणि अडते कुठे?

कर्जत / खालापूर : भाताची झोडणी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरी वाड्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा भट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. सोबत तान्ही बाळंही जातात. नेमक्या याच महिन्यांत त्यातल्या अनेक बाळांच्या लसीच्या तारखा येतात.

या तारखांची आठवण आता संगणक करून देतो. सरकारच्या ‘यू-विन’ यंत्रणेत बाळाची नोंद झाली की पुढच्या डोसचा मेसेज आपोआप पालकांच्या मोबाईलवर येतो. सोय चांगली आहे, यात वाद नाही. पण तो मोबाईल कोणाच्या हातात असतो, आणि मेसेज आला त्या दिवशी बाळ कुठं असतं, हे संगणकाला माहीत नसतं.

तारीख निघते कशी?

को-विन सगळ्यांना आठवत असेल. २०२१ मध्ये कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतल्यावर दुसऱ्यासाठी ८४ दिवस थांबावं लागत होतं आणि ते दिवस यंत्रणाच मोजत होती. त्याच धर्तीवर बाळं आणि गरोदर मातांसाठी यू-विन उभं राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या ६५ जिल्ह्यांत त्याची चाचणी सुरू झाली, मग ते इतरत्र आलं. त्याआधीही २००९ पासून माता-बालकांची नाववार नोंद संगणकात ठेवण्याचं काम सुरूच होतं.

आतलं गणित सोपं आहे. बाळाची जन्मतारीख टाकली की वेळापत्रक तयार होतं. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला, १६ ते २४ महिन्यांत दुसरा आणि बूस्टर. तारीख जवळ आली की त्या नोंदीसमोरच्या नंबरवर मेसेज सुटतो.

म्हणजे सगळा डोलारा दोन गोष्टींवर उभा आहे : बरोबर तारीख आणि बरोबर नंबर. रेंज नसलेल्या वाडीत सिस्टर आधी वहीत लिहितात आणि ऑनलाइन नोंद नंतर होते. तेव्हा डोसची तारीख चुकीची पडली, तर पुढची आठवणही चुकीच्या दिवशी येणार. संगणक स्वतःहून काही तपासत नाही. जे भरलं तेच तो परत सांगतो.

मेसेज अडतो कुठे?

पहिली अडचण नंबरची. घरात एकच मोबाईल, तोही बाप्याच्या खिशात. काही वेळा घरात मोबाईलच नसतो, मग शेजाऱ्याचा नाहीतर भावकीतल्या कुणाचा नंबर दिला जातो. त्याला मेसेज जातो, तो बघतो न बघतो, विषय तिथंच संपतो.

दुसरी अडचण रिचार्जची. मुदत संपून बरेच दिवस झाले की येणारे मेसेजही बंद होतात. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही आणि त्यात पुरेसा बॅलन्स नसला तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. भट्टीवर जाऊन नवं सिम घेतलं, तर यंत्रणेच्या लेखी बाळाचा पत्ता जुन्या सिमवरच राहतो.

तिसरी अडचण वाचण्याची. ज्या आईला अक्षरओळख नाही तिच्यासाठी मेसेज म्हणजे फक्त ‘टिंग’ असा आवाज. त्यावर उपाय म्हणून केंद्राची ‘किलकारी’ सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ फोन येतात आणि माहिती ऐकवतात. महाराष्ट्रात ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण हा फोनही आरोग्य खात्याकडे नोंदलेल्या नंबरवरच येतो. नंबर चुकला की मेसेज गेला आणि फोनही गेला.

चौथी अडचण विश्वासाची. फसवणुकीच्या मेसेजचा इतका सुळसुळाट झालाय की सरकारी मेसेजही लोक न उघडता पुसून टाकतात. आता व्यावसायिक आणि सरकारी मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. सरकारी मेसेजला ‘जी’, जाहिरातीला ‘पी’. एवढं बघायची सवय लागली तरी बराच गोंधळ कमी होईल. मात्र लसीचं नाव सांगून फोनवर कोणी ओटीपी मागितला, तर तो देऊ नये.

नुसत्या मेसेजने काम होतं का?

याचा अभ्यास झालेला आहे. केनियाच्या खेड्यांत पालकांना लसीचे मेसेज पाठवून पाहिले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसत्या मेसेजने ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. मेसेजसोबत बऱ्यापैकी पैसे दिले तेव्हाच तो दिसला. आपल्याकडे राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गावातच ठरल्या दिवशी नेमानं शिबिर घेतलं तेव्हा पूर्ण लसीकरण झालेली बाळं ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली. सोबत किलोभर डाळ दिली तेव्हा ३९ टक्क्यांवर.

हरियाणातला प्रयोग आपल्या वाड्यांना सगळ्यात जवळचा वाटतो. तिथं गावकऱ्यांनाच विचारलं, की तुमच्या गावात कोणाच्या तोंडून बातमी झटकन पसरते? त्या माणसांना लसीच्या दिवसाची खबर द्यायला लावली आणि जोडीला पालकांना मेसेज पाठवले. कमी खर्चात जास्त बाळांपर्यंत पोहोचायला हीच जोडी सगळ्यात चांगली ठरली.

तिन्हीकडचा अर्थ एकच. मेसेज हा निरोप आहे. निरोप्या माणूस आणि जवळ आलेली लस यांची जोड असेल तरच तो कामाचा.

माणूस म्हणजे आशाताई

आपल्याकडे हा निरोप्या आधीपासून आहे. कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिलाय, याची ‘ड्यू लिस्ट’ आशाताई आणि सिस्टरांकडे असते. खरं तर संगणकी आठवणीचा सगळ्यात मोठा फायदा त्यांना व्हायला हवा. पालकाला मेसेज गेला आणि बाळ आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या बाळाचं नाव आशाताईच्या हातात पडायला हवं. उलट होतं असं, की ऑनलाइन कामाचा बोजा त्यांच्यावर वाढतो आणि वाडीवर जायचा वेळ कमी होतो. ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

चुकलेल्या डोसची किंमत काय असते, ते २०२२ च्या हिवाळ्यात दिसलं. मुंबईत गोवंडी, इकडे भिवंडी, तिकडे मालेगाव. गोवरानं बाळं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येनं होती. सरकारला त्या भागांत जादा डोस द्यावा लागला. भट्ट्यांवरच्या गर्दीत, अर्धवट लस झालेल्या बाळांमध्ये गोवर शिरायला वेळ लागत नाही.

निघण्यापूर्वी काय करता येईल?

यू-विनची एक बाजू स्थलांतर करणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. बाळाची नोंद असेल तर देशात कुठल्याही सरकारी लसीकरण केंद्रावर पुढचा डोस घेता येतो. कशेळे किंवा चौकला सुरू झालेलं लसीकरण भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात पुरं होऊ शकतं. त्यासाठी एवढं करावं :

– लसीचं कार्ड सोबत न्यावं आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा.

– सिम बदललं असेल तर आशाताईला नवा नंबर कळवावा. शक्य असेल तर भट्टीवरच्या एखाद्या जाणत्या माणसाचा नंबरही देऊन ठेवावा.

– कोणत्या गावाला जातोय ते सांगून निघावं, म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राला निरोप देता येतो.

– तारीख चुकली तरी घाबरू नये. झालेले डोस वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र काही लसींना वयाची मर्यादा असते, म्हणून लवकरात लवकर केंद्र गाठावं.

ग्रामपंचायतींनाही यात काम आहे. कोणतं कुटुंब कुठं गेलं, याची साधी यादी ग्रामसभेनं केली आणि आरोग्य केंद्राला दिली, तर संगणकातल्या तारखेला माणसाचा पत्ता मिळेल. एका वहीचं आणि दोन दिवसांचं ते काम आहे. मात्र वाडीला कुलूप लागायच्या आत व्हायला हवं.